तांबट किती?

माझा स्वभाव फटकळ. आधी बोलायचं आणि मग जिना उतरताना विचार करायचा, अशी माझी जन्माची रीत. त्या रीतीपायी मी एका भल्या माणसाशी दोन वर्षं भांडले आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. जुन्या नाशकातल्या एका आळीत आम्ही पहिल्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलो होतो. नवरा नाशिक रोडला नोकरीला, आणि मी गंगा, म्हणजे आमची गोदावरी, ओलांडून पंचवटीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवायला. माहेर सटाण्याकडचं, म्हणजे बागलाणातलं. रोजचं बोलणं शाळेतल्या बाईला शोभेल असं नीटस, पण राग अनावर झाला की जीभ आपोआप अहिराणीवर घसरायची.

आमच्या गॅलरीसमोर एक उंबर होता. त्याच्या बुंध्याशी दत्ताच्या पादुका, पादुकांशेजारी आळीचा फळा, आणि फळ्याला लागून पत्र्याखालची एक खोली. त्या खोलीत एक म्हातारे तांबटकाका बसायचे. तांब्याचे हंडे, घंगाळं, गडू घडवणारे ते तांबट. एके काळी सगळी आळीच त्यांच्या हातोड्यांनी दणाणायची म्हणे. मी आले तेव्हा बाकीच्या घरातली पोरं सातपूरच्या कंपन्यांत लागली होती, कुणी स्टीलच्या भांड्यांचं दुकान टाकलं होतं. हातोडी हातात धरणारे काका एकटेच उरले होते.

सकाळी त्यांचं काम चालायचं त्याबद्दल माझी तक्रार नव्हती, मी शाळेतच असायची. पण फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी मी पेपर तपासायला बसले की सुरू व्हायचं, टुक टुक टुक टुक. एका लयीत, न थकता. आठवीच्या मुलांनी बेडकाच्या हृदयाला चार कप्पे दिलेले असायचे, त्यात हे. डोकं उठायचं. मी गॅलरीत जाऊन हात नाचवत ओरडायची, "काका, दुपारी तरी थांबा हो! माणसानं जगायचं की नाही?" काका खालून माझ्याकडे बघायचे, हसायचे, आणि हात उंचावून नमस्कार करायचे. मला वाटायचं, काय बेरकी म्हातारा आहे!

एका दुपारी मात्र माझा संयम सुटला. तांबड्या शाईचं पेन तसंच हातात घेऊन मी जिना उतरले, आळी ओलांडली आणि पत्र्याखाली जाऊन उभी राहिले. "काय शे हाई!" म्हणून ओरडले. बघते तर काका मांडी घालून भाकरी खात होते. काकू त्यांना पिठलं वाढत होत्या. हातोडी कोपऱ्यात निवांत पडलेली. आणि टुक टुक टुक टुक चालूच होतं.

"मग ठोकतंय कोण?" मी विचारलं.

"कोण जाणे," काकू म्हणाल्या. "मला वाटतं पलीकडच्या गल्लीत कुणी बसत असेल. आणि जरा मोठ्यानं बोल गं बाई, यांना ऐकू येत नाही. साठ वर्षं ठोकून ठोकून कान गेलेत."

म्हणजे दोन वर्षं मी ज्यांच्याशी कडाकडा भांडत होते, त्यांना वाटत होतं की वरच्या मास्तरीणबाई फार अगत्यानं चौकशी करतात. माझं तोंड इतकंसं झालं. काकूंनी मला बसवलं, भाकरीचा चतकोर हातावर ठेवला, आणि तो खात खात मी पहिल्यांदा मान वर करून उंबराकडे नीट पाहिलं. खूप शोधल्यावर एका वाळक्या फांदीच्या टोकाला तो दिसला. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवागार, कपाळावर कुंकवासारखा लाल ठिपका. मान इकडून तिकडे हलवत टुक टुक करत होता.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना वर्णन सांगितलं. ते रविवारी दुर्बीण गळ्यात अडकवून हिंडणाऱ्यांपैकी होते. ते म्हणाले, "तो तांबट. आवाज तांब्यावर हातोडी पडल्यासारखा, म्हणून नाव तांबट." मी खो खो हसत सुटले. त्यांना वाटलं, बाईंना ऊन लागलं. काकांना मात्र लाजेपायी मी हे सांगितलंच नाही.

त्या दिवसापासून मीही त्या रविवारच्या टोळीत सामील झाले. आम्ही पहाटे उठून गंगापूर धरणावर जायचो, हिवाळ्यात नांदूर मधमेश्वरला जायचो, बदकं मोजायचो आणि येताना मिसळ खायचो. मग कुणीतरी म्हणालं की धरणावरचे पक्षी आपण मोजतो, पण शहरातले कोण मोजणार? आणि आपणच का मोजायचे? लोकांनाच मोजायला लावू. प्रत्येकानं आपापल्या आळीत, कॉलनीत कागद वाटायचे, आठ दिवसांनी भरून घ्यायचे. माणूस एकदा मोजायला लागला की त्याला त्या गोष्टीची काळजी वाटायला लागते, असं सरांचं म्हणणं. मला ते एकदम पटलं.

आमच्या आळीचा कागद मी तयार केला. इथे माझी हुशारी आडवी आली. मला वाटलं, कावळा-चिमणी काय सगळ्यांना माहीत असतात, लोकांच्या लक्षात राहतील अशी नावं घेऊ. मराठीत पक्ष्यांना धंद्यांची नावं किती गोड आहेत! म्हणून मी सातच पक्षी निवडले. शिंपी, सुतार, धोबी, कोतवाल, खाटीक, सुगरण आणि तांबट. पुढे तीन रकाने आखले. किती आहेत? कुठे राहतात? दिवसभर काय करतात? आणि वर ठसठशीत अक्षरात मथळा दिला, 'चला, आपले शेजारी मोजूया!' मथळा सुचला तेव्हा माझं मलाच कौतुक वाटलं होतं.

सूचनांचं दुसरं पान होतं, त्यात दर ओळीला 'पक्षी' हा शब्द होता. पण शाळेच्या सायक्लोस्टाइलवर त्या पानाची स्टेन्सिल फाटली. मी म्हटलं, जाऊ दे, पहिलं पान पुरेसं बोलकं आहे. संध्याकाळी घरोघरी कागद टाकून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. कोपऱ्यावरचे सुतारमामा उभे होते, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि दोन पासपोर्ट फोटो घेऊन. "बाई, सुतारांना कर्ज मिळणार म्हणे. माझं नाव आधी घाला." त्यांना समजावून खाली पाठवते तोच वरच्या मजल्यावरचे पेन्शनर आजोबा आले. त्यांचा आवाज चढलेला होता. "सरकारनं आता धंदे मोजायला काढलेत का? आणि ते काम तुम्ही कशाला अंगावर घेतलंत?" दुपारपर्यंत निम्म्या आळीत मी सरकारी माणूस झाले होते आणि उरलेल्या निम्म्या आळीत चहाटळ बाई.

तरी आठ दिवसांत लोकांनी कागद भरून दिले, ही त्यातली मौज. एकानं लिहिलं होतं, 'धोबी : एक. गंगेवर असतो. शर्टाची बटणं तोडतो.' दुसऱ्यानं, 'कोतवाल : आळीत नाही, पण पहिल्या मजल्यावरच्या बाई ते काम करतात.' एका गृहस्थांनी सुगरणीपुढे 'आमच्या घरी एकही नाही' असं लिहिलं होतं, आणि तो कागद दोन तुकड्यांत माझ्याकडे आला. तुकडे त्यांच्या बायकोनं आणून दिले. मी आणि नवरा पोट धरधरून हसत होतो. हसताना मी शेवटचा कागद उलगडला. तो तांबटकाकांचा होता.

अक्षर मोठं, थरथरतं, पण एकेक काना नीट सरळ. बाकीच्या सगळ्या ओळींवर रेघ मारलेली. फक्त शेवटच्या ओळीत लिहिलेलं होतं. 'तांबट : एक. (मीच.) कुठे राहतो : पत्र्याखाली, उंबराशेजारी. दिवसभर काय करतो : ठोकतो.' आणि खाली, कागदाच्या कडेला जागा उरली होती तिथे, 'मोजायला आल्याबद्दल आभारी आहे. इतक्या वर्षांत कोणी आलं नव्हतं.'

माझं हसू जागच्या जागी थांबलं. नवऱ्यानं कागद वाचला आणि परत माझ्या हातात दिला. "आता काय करशील?" म्हणाला. मला रडू यायला लागलं आणि स्वतःचा रागही आला. मथळा म्हणे बोलका!

संध्याकाळी खाली गेले. काका धुतलेला सदरा घालून बसले होते. समोर एक जुना मोठा हंडा चिंचेनं घासून लख्ख करून ठेवलेला. काकू हळूच म्हणाल्या, "पाहणीला साहेब येणार आहेत ना? परवापासून रोज आवरून बसतात."

आता सांगणं भागच होतं. आणि त्यांना सांगायचं म्हणजे आळी ऐकेल इतक्या मोठ्यानं सांगायचं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "काका, मी पक्षी मोजत होते! पक्षी!"

काकांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "म्हणजे माणसं नाही?"

"नाही!"

"मी नाही?"

मी नकाराची मान हलवली. काका हंड्यावर हात फिरवत म्हणाले, "असू दे. चूक कागदाची आहे, तुमची नाही." वाईट वाटल्याचं त्यांनी लपवलं नाही आणि वाढवलंही नाही. मग एकदम डोकं वर करून विचारलं, "पण तांबट नावाचा पक्षी असतो?"

"असतो! तुमच्या डोक्यावरच बसतो! रोज!"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताच मी सरांची दुर्बीण मागून आणली. काकांना ओट्यावर बसवलं, दुर्बीण त्यांच्या डोळ्यांना लावून दिली, ती आधी उलटी लागली, मग सुलटी केली, मग त्यांना पत्र्याचा खिळा दिसला, मग एक पान दिसलं. शेवटी पक्षी दिसला. काकांचं तोंड उघडंच राहिलं. तांबट ओरडतो तेव्हा दर आवाजाला त्याचा गळा टचकन फुगतो. काकांना आवाज ऐकू येत नव्हता, पण तो गळा दिसत होता. थोड्या वेळानं पाहिलं तर त्यांच्या उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर आपटत होतं. वर टुक, खाली बोट. वर टुक, खाली बोट. एकही ठोका मागेपुढे नाही.

दुर्बीण खाली करून ते मला म्हणाले, "बाई, हा ठोकत नाहीये. हा मठारतोय."

मला कळलं नाही. मग त्यांनी तो लख्ख हंडा जवळ ओढला आणि त्याच्या अंगावरचे गोल गोल खळगे दाखवले. भांड्याला आकार येईपर्यंत जे असतं ते ठोकणं. आकार आला की शेवटी साऱ्या अंगावरून हलक्या हातानं, एकसारखे, ओळीनं घाव घालायचे, ते मठारणं. त्यानं भांडं मजबूतही होतं आणि देखणंही. "ठोकता कोणालाही येतं. मठारताना एक घाव चुकला की उन्हात दिसतो. ह्याचा चुकत नाही. कोणाकडे शिकला?"

मग त्यांनी माझ्याकडून आपला भरलेला कागद मागून घेतला, 'तांबट : एक' मधला एक खोडला आणि दोन केला. मी म्हटलं, "काका, यात फक्त पक्षी लिहायचे असतात." ते म्हणाले, "ऐकू येत नाही." हे त्यांचं सोयीचं बहिरेपण मला पुढे चांगलंच परिचयाचं झालं.

आठवड्याभरात त्यांनीच दुसरा तांबट शोधून काढला. आमच्या टोळीतल्या कुणाला दिसलं नव्हतं ते त्यांना दिसलं. पत्र्यावर झुकलेल्या त्या वाळक्या फांदीला खालच्या अंगानं एक भोक होतं, जुन्या रुपयाएवढं गोल. त्यातून भुसा पडत होता. जोडीनं घर कोरायला घेतलं होतं. काका काम थांबवून वर बघत बसायचे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून थांबवायचे. भाजीची पाटी घेऊन जाणाऱ्या मावशी थांबायच्या, रिक्षावाले रिक्षा लावून थांबायचे. आळीच्या फळ्यावर तोवर फक्त पाणी येणार नाही, आरती कितीला, आणि अमक्या आजी वारल्या, एवढंच लिहिलं जायचं. एक दिवस त्यावर काकांचं मोठं अक्षर दिसलं. 'तांबट : तीन. दोन वर, एक खाली.'

मग काय विचारता! जो तो खडू घेऊन फळ्यापुढे. 'गच्चीवर शिंपी दिसला, पानं शिवत होता. (पक्षी.)' माझ्या कागदाच्या घोळामुळे कंसात पक्षी लिहायची आळीला सवयच लागली. 'तारेवर कोतवाल, घारीच्या मागे लागला. (पक्षी.)' पेन्शनर आजोबांनी मोर पाहिल्याचं लिहिलं, त्यावर खाली कुणीतरी 'चष्मा बदला' असं लिहिलं आणि तीन दिवस भांडण चाललं. मला ती भांडणं फार आवडायची. लोक पक्ष्यांवरून भांडतात, यापेक्षा आणखी काय हवं होतं आम्हाला?

मार्च संपता संपता आई-बाप तोंडात उंबराचं फळ, किडा घेऊन आत-बाहेर करायला लागले. आत पिल्लं होती. आणि नेमका त्याच सुमारास काकांचा मुलगा आला.

तो कंपनीत फिटर होता, सिडकोत राहायचा. स्वभावानं वाईट अजिबात नाही, पण बापाच्या काळजीनं कावलेला. आदल्या पावसाळ्यात त्याच उंबराची एक वाळकी फांदी पत्र्यावर पडली होती आणि काका हातभर अंतरानं वाचले होते. आता ही दुसरी त्याहून जाड, मुळाशी चिरलेली, थेट त्यांच्या बसायच्या जागेवर. त्यानं माणूस ठरवला होता. रविवारी सकाळी फांदी उतरवायची, विषय संपला.

"पिल्लं आहेत रे त्यात," काकू म्हणाल्या.

"आणि खाली बाबा आहेत," तो म्हणाला. "उद्या फांदी पडली तर पिल्लं येणार आहेत का दवाखान्यात?"

यावर मी बोलले. म्हणजे बरंच बोलले. त्याला दुष्ट म्हणाले, अडाणी म्हणाले, अर्धं अहिराणीत म्हणाले. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "बाई, तुमचे वडील त्या फांदीखाली बसत असते तर?" वडिलांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. त्याचंही बरोबर होतं, हीच तर पंचाईत होती.

काका इतका वेळ आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होते. सगळं कळलं होतं त्यांना. ते मुलाला म्हणाले, "तू फिटर आहेस ना? मग तोडतोस कशाला? टेकू दे."

मुलगा वर बघत राहिला. बोटांनी मापं घेतल्यासारखं केलं. "पाइप लावता येईल," शेवटी तो नाइलाजानं म्हणाला. "पण पाइपचं तोंड फांदीत घुसेल. सडकं लाकूड आहे. वारा आला की कापेल."

"पाइपच्या तोंडाचं माझ्यावर सोड," काका म्हणाले.

ते तीन दिवस काका खरोखर तांबट झाले. फांदी बसेल असा अर्धगोल, पाळण्यासारखा खोलगट तुकडा त्यांनी जाड तांब्याचा घडवला. फांदीची जाडी त्यांनी खालूनच, डोळ्यांनी मापली होती. घडवून झाल्यावर ते तो मठारायला बसले. शनिवारी मुलगा पाइप घेऊन आला तेव्हा ते अजून मठारतच होते. तो वैतागला. "बाबा, झाडावर कोण बघणार आहे मठारलेलं?"

काकांनी वर बोट दाखवलं. "तो बघेल ना. जातवाला आहे."

रविवारी आळी जमली. मी घड्याळ घेऊन उभी होते, कारण सरांनी बजावलं होतं की काम झटपट व्हायला हवं, पक्षी घाबरून गेले आणि परत आले नाहीत तर पिल्लं उपाशी मरतील. मुलगा स्वतः शिडीवर चढला. सुतारमामांनी शिडी धरली. कर्ज मिळालं नव्हतं तरी ते आले होते. पाइप उभा राहिला, तांब्याचा पाळणा फांदीखाली सरकला आणि असा बसला की मुलगा शिडीवरून खाली बापाकडे बघतच राहिला. "केसाचाही फरक नाही," तो म्हणाला. काकांना ऐकू आलं नाही. मी कानात ओरडून सांगितलं. त्यांनी नुसतं नाक ओढलं.

पण दोन्ही पक्षी उडून गेले होते.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. अर्धा तास झाला. आळी अशी शांत मी कधी पाहिली नव्हती. कुणी रिक्षाही सुरू करेना. काकू ताट घेऊन आल्या, काकांनी हातानंच नको म्हटलं. त्यांना आवाज येत नव्हता, त्यामुळे ते डोळा हलवत नव्हते. फांदीच्या भोकावर नजर लावून बसले होते. मुलगा त्यांच्याशेजारी ओट्यावर बसला होता, हाताला ग्रीस तसंच. मनातल्या मनात मी दत्ताला काय काय बोलले ते इथे सांगत नाही. विज्ञानाची बाई मी.

आणि मग कुठूनतरी, मागच्या गच्चीवरून बहुधा, आवाज आला. टुक. टुक. टुक टुक टुक.

सगळ्यांनी माना वळवल्या. काका तसेच पुढे बघत होते, त्यांना काय कळणार? तेव्हा मुलानं बापाचा हात हातात घेतला आणि त्या तळहातावर बोटानं ठोके द्यायला सुरुवात केली. वरच्या आवाजाबरोबर, एकेक. काकांनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. दोनेक मिनिटांत मादी चोचीत लालभडक उंबर घेऊन आली, पाळण्याच्या वर टेकली, इकडेतिकडे पाहिलं आणि भोकात डोकं घातलं. आळीनं टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यांवर ओरडले, "गप्प बसा, उडेल ना ती!" आणि स्वतःच मोठ्यानं रडायला लागले.

काका मुलाला म्हणाले, "ठोका बरा देतोस. हातात आहे तुझ्या अजून." मुलगा म्हणाला, "लहानपणी मारून मारून शिकवलंत, विसरेन कसा?" आणि ग्रीसचे हात धुवायला उठून गेला.

पिल्लं एप्रिलच्या शेवटी उडाली. तीन होती. फळ्यावर काकूंनी लिहिलं, 'सर्व सुखरूप.' खाली सही केली. पुढच्या वर्षी मी कागद नव्यानं छापले, वर भल्यामोठ्या अक्षरात पक्षीगणना, आणि सूचनांचं पान टाचणीनं नाही, दोऱ्यानं शिवून जोडलं. शेजारच्या दोन आळ्यांनीही कागद मागून नेले. पण काका काही सुधारले नाहीत. वर्षानुवर्षं त्यांच्या कागदावर तेच, 'तांबट : तीन. दोन वर, एक खाली.' आणि मी दर वर्षी तो कागद पुढे पाठवण्याआधी तांबड्या पेनानं तीनाचे दोन करायची. नियम म्हणजे नियम. काकांना ते ठाऊक होतं. "खोडलंत का?" असं ते हसत विचारायचे.

नंतर आम्ही गंगापूर रोडला फ्लॅट घेतला. सिंहस्थ होऊन गेला, त्या गर्दीत काकांचे गडू हातोहात खपले आणि ते महिनाभर खुशीत होते. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. झोपेतच, काही त्रास न होता. मी भेटायला गेले तेव्हा पत्र्याखालच्या खोलीला कुलूप होतं आणि फळ्यावर फक्त त्यांचं नाव होतं. उंबराकडे वर बघवेना, तशीच परत आले.

गणनेचे दिवस आले. आळीत कागद पाठवले, पण गोळा करायला जायचा धीर होईना. शेवटी काकूंनीच पाकीट पाठवलं. त्यात आळीतले सगळे कागद होते. एकेक बघत गेले. शिंपी दोन, कोतवाल एक, धोबी एक, सगळ्यांपुढे कंसात पक्षी. तांबटकाकांच्या घराचा कागद सर्वांत खाली होता. आता दोन असणार, हे मला माहीत होतं. खोडावं लागणार नव्हतं, तरी सवयीनं मी तांबड्या पेनाचं टोपण काढलं.

अक्षर काकांचं नव्हतं. छोटं, चौकोनी, कंपनीत मापं लिहिणाऱ्या माणसाचं होतं.

'तांबट : तीन. दोन वर, एक खाली. (फक्त रविवारी.)'

तांबडं पेन माझ्या हातात होतं. त्याचं टोपण मी परत लावलं. त्या वर्षी आमच्या आळीचे तांबट पुढे तीनच गेले.